लिमिटेड एडिशन पुतळा विकायचाय? किंमत सांगण्याआधी हे तपासा

शोकेसमध्ये दहा वर्षे उभा असलेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा. तळाला कोरलेला आकडा, ३७/५००. घेताना दुकानदार म्हणाला होता, ‘पुढे याला सोन्याचा भाव येईल.’ आता पैशांची नड आहे आणि पुतळा विकायचा आहे. पण मागायचे किती? मोडवाला वजनावर भाव सांगतो. ऑनलाइन कुणी तरी तसल्याच पुतळ्याचे ५० हजार मागत असतो. हे दोन्ही आकडे चुकीचे असू शकतात. मग खरी किंमत कशी काढायची? आणि वस्तू जुनी असेल तर कायदा काय सांगतो?

‘लिमिटेड’ म्हणजे नेमके किती?

३७/५०० याचा अर्थ एकूण ५०० प्रती आणि त्यातली ही ३७वी. किमतीच्या दृष्टीने यातला ५०० हा आकडा अधिक महत्त्वाचा. फ्रान्समध्ये ब्राँझ शिल्पाच्या जास्तीत जास्त १२ प्रतींनाच मूळ कलाकृती मानले जाते. आठ विक्रीसाठी आणि चार कलाकाराच्या. शिल्पकार रोदँ १९१७ मध्ये वारला. त्याच्या साच्यांतून नंतरही ब्राँझ ओतले गेले, पण मूळ प्रतींची मर्यादा तीच राहिली. खोक्यावर नुसते ‘लिमिटेड एडिशन’ छापलेले असेल आणि एकूण संख्या कुठेच नसेल, तर तो शब्द जाहिरातीचा समजावा.

किंमत कशावर ठरते?

• पुरावा : क्रमांक, कलाकाराची किंवा कंपनीची खूण, प्रमाणपत्र, बिल. प्रमाणपत्रावरचा आणि पुतळ्यावरचा क्रमांक एकच आहे ना, ते पाहा.

• अवस्था : तलवारीचे टोक, बोटे, घोड्याचे कान आधी तुटतात. चिकटवलेला भाग टॉर्चच्या तिरप्या प्रकाशात दिसतो. दुरुस्ती लपवू नका, खरेदीदाराच्या ती लक्षात येतेच.

• मूळ खोका : रेझिनच्या पुतळ्यांना आतल्या थर्माकोलसह मूळ खोका असेल तर भाव वाढतो. कारण त्याशिवाय कुरिअर धोक्याचे.

• धातू : भरीव चांदी असेल तर धातूचा भाव हा किमतीचा तळ. मात्र भेट म्हणून दिल्या जाणाऱ्या अनेक ‘चांदीच्या’ मूर्ती आतून रेझिनच्या असतात, वर चांदीचा पातळ थर. अशा वेळी काट्यावरचे वजन फसवते. सराफाकडून शुद्धता तपासून घ्या.

आणि एक चूक टाळा. विकण्याआधी चकाकी यावी म्हणून पितळी किंवा ब्राँझची मूर्ती चिंच लावून घासू नका. वर्षानुवर्षे चढलेला रंग संग्राहकाला हवा असतो आणि तो एकदा गेला की परत येत नाही.

प्रत्यक्ष आकडा कसा काढायचा?

मागितलेली किंमत पाहू नका, विकली गेलेली पाहा. लिलाव संस्थांचे निकाल आणि विक्री संकेतस्थळांवरील ‘सोल्ड’ हा फिल्टर त्यासाठी उपयोगी. समजा, तुमच्यासारखाच पुतळा अलीकडे तीनदा विकला गेला : खोका व प्रमाणपत्रासह १४,००० रुपयांना, खोक्याशिवाय ११,५०० ला आणि तुटून चिकटवलेला ८,००० ला. तुमच्याकडे प्रमाणपत्र आहे, खोका नाही. म्हणजे तुमचा आधार ११,५००. त्यातून १० टक्के कमिशनचे १,१५० आणि पॅकिंग-कुरिअरचे ९०० वजा करा. हातात उरतात ९,४५० रुपये. जागेवर रोख देणाऱ्याशी घासाघीस करताना हा आकडा डोक्यात ठेवा.

नफा झाला तर कर लागू शकतो. घरातील वापराच्या बहुतेक वस्तूंना मिळणारी सूट शिल्पे आणि चित्रे यांना नाही. त्यामुळे खरेदीचे बिल जपून ठेवा.

मूर्ती खरोखरच जुनी असेल तर?

धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरची मोठी बाजारपेठ म्हणून त्याचा उल्लेख आहे. सातवाहन काळात इथे दुहेरी साच्यांतून पांढऱ्या मातीच्या मूर्ती बनत. एका साच्यातून अनेक प्रती, म्हणजे त्या काळचे ‘एडिशन’च. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात १९३८ मध्ये मिळालेल्या मूर्तीशी केली जाते. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात जमवलेल्या अशा वस्तूंमधून तेरचे शासकीय संग्रहालय उभे राहिले.

अशा वस्तूची किंमत विचारण्याआधी तिचे वय विचारावे लागते. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार किमान १०० वर्षे जुने शिल्प पुरावशेष ठरते. त्याच्या व्यापाराला परवाना लागतो, ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. शेतात नांगरताना किंवा पाया खणताना दहा रुपयांहून अधिक किमतीची जुनी वस्तू मिळाली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. हस्तिदंताची खरेदी-विक्री तर वन्यजीव संरक्षण कायद्यानेच बंद आहे. शंका असेल तर फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून भाव विचारू नका. आधी पुरातत्त्व विभागाकडे जा.

व्यवहार करताना काय काळजी घ्यावी?

‘तुमच्या मूर्तीला लाखो रुपये देतो, आधी नोंदणी शुल्क भरा’ असा फोन आला, तर तिथेच थांबा. खरा खरेदीदार विकणाऱ्याकडून पैसे मागत नाही. पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

विक्रीची जाहिरात टाकण्याआधी चारही बाजूंचे, तळाचे आणि दोषांचे स्पष्ट फोटो काढा. क्रमांक, उंची आणि वजन लिहा. वडिलांनी किंवा आजोबांनी आणलेली वस्तू असेल, तर ती कधी आणि कुठून आणली हे घरातल्या मोठ्यांना विचारून कागदावर उतरवून घ्या. वस्तूची किंमत आणि वय, दोन्ही ठरवताना ही माहिती लागते.