किलोला किती मासे?

पन्हाळ्यावर सोमाळे तळ्याच्या काठी उभं राहिलं की मला अलास्कातल्या कोडियाक बेटावरची तळी आठवतात. सॅल्मन मासा समुद्रातून तिथे येतो, अंडी घालतो आणि मरतो. त्याच्या देहातला नायट्रोजन तळाच्या गाळात बसतो. तो समुद्राचा असल्यामुळे वेगळा ओळखता येतो. शास्त्रज्ञ ब्रूस फिनी आणि सहकाऱ्यांनी त्या गाळाच्या थरांतून सॅल्मनचा 2,200 वर्षांचा हिशेब मांडला. इसवी सनापूर्वी 100 ते इसवी सन 800, तब्बल नऊशे वर्षं, मासा कमीच. 1200 ते 1900 मात्र मुबलक. शिलाहार राजा दुसऱ्या भोजाने पन्हाळा बांधला तो 1178 ते 1209 या काळात. इथे तटाचे चिरे बसत होते, तेव्हा तिकडे सातशे वर्षांची सुगी सुरू होत होती.

ही झाली संख्या. आकाराची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. अलास्कात 1957 ते 2018 या काळात मोजलेल्या सव्वा कोटी सॅल्मनच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. त्यांतला सर्वांत मोठा, चिनूक, 1990 पूर्वीच्या मानाने 2010 नंतर 8 टक्क्यांनी आखूड भरला. आठच ना? पण मासा लांबी, रुंदी, जाडी अशा तिन्ही अंगांनी आटतो. 0.92 चा घन केला की 0.78 येतो, म्हणजे वजनातला पाचवा हिस्सा गेलाच. अंडीही सुमारे 16 टक्क्यांनी घटली. समुद्रात राहून पोसण्याची वर्षंच कमी झालीत, मासे लवकर परततात. त्यामागे बदलतं हवामान आहे आणि अन्नासाठीची आपसातली चढाओढही.

आपल्या ताटातली तारली याच वाटेवर आहे; आधी तिची संख्या आटली. केरळात 2012 साली 3.9 लाख टन तारली निघाली, 2021 मध्ये 3,297 टन. दहा टनी ट्रक नऊ मीटरचा धरा. पहिल्या वर्षाची रांग कोल्हापुराहून जवळजवळ मुंबईला भिडेल. दुसऱ्या वर्षाची पन्हाळ्याहून निघाली तर वाटेतलं केर्ली गावसुद्धा गाठणार नाही. नऊ वर्षांत! बेसुमार मासेमारीचा वाटा आहेच. पण समुद्रही तापतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी दाखवलंय की पश्चिम हिंदी महासागर 1901 ते 2012 मध्ये 1.2 अंशांनी तापला आणि साठ वर्षांत तिथलं वनस्पती-प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, 20 टक्क्यांपर्यंत घटलं. तारली जगते ती मुख्यतः त्या प्लवंगावर.

2024 मध्ये केरळात तारलीचे थवे परत आले, इतके की भाव वीस-तीस रुपये किलोवर घसरला. पण मासा दहा-बारा सेंटीमीटरच्या पुढे वाढेना. खाणारी तोंडं अमाप, वाट्याला येणारं अन्न तोकडं.

अठरा सेंटीमीटरची भरलेली तारली साठेक ग्रॅमची, किलोला सोळा-सतरा बसतात. दहा सेंटीमीटरची जेमतेम दहा ग्रॅम, म्हणजे किलोला शंभर. तारली अंड्यावर येते ती चौदा-पंधरा सेंटीमीटरला. चिरायला घेतलेल्या त्या शंभरांपैकी एकीच्याही पोटात गाबोळी सापडत नाही.