स्क्रू कशाचा घ्यायचा? शर्यतीच्या छोट्या गाडीपासून कडबाकुट्टीपर्यंत

बचत गटांच्या या कार्यक्रमात कर्ज, हप्ते, पापड-मसाला असे विषय नेहमीचे. आजचा विषय जरा वेगळा आहे, आणि तो एका गटाकडून आलेल्या निरोपातून निघाला. त्या गटातल्या एका ताईंची मुलगी पॉलिटेक्निकला शिकते. मैत्रिणींबरोबर तिने रिमोटवर पळणारी शर्यतीची गाडी जोडली आहे. आता तिला त्या गाडीसाठी टायटॅनियमच्या स्क्रूंचा संच हवाय आणि त्याला २,४०० रुपये लागतात. ताईंनी गटाकडे अंतर्गत कर्ज मागितलं. बैठकीत कुणी म्हणालं, पोरीची हौस आहे, द्या. कुणी म्हणालं, स्क्रूला कुठं एवढे पैसे असतात का? शेवटी प्रश्न आमच्याकडे आला.

हसण्यावारी न्यावा असा हा प्रश्न नाही. १२ जणींच्या गटात दरमहा २०० रुपये बचत धरली, तर ही सगळ्या गटाची एका महिन्याची बचत झाली. आम्ही काही इंजिनियर नाही. पण जाणकार मिस्त्रींकडून समजून घेतलं, थोडं वाचलं, आणि लक्षात आलं की यातली निम्मी माहिती आपल्या गटाच्या यंत्रांनाही लागते.

आधी ही गाडी कशी असते ते सांगतो. जत्रेत मिळते ती खेळणी वेगळी. ही गाडी सुटे भाग आणून स्वतः जोडायची असते. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ या मोटारीची अशी छोटी प्रतिकृती बाजारात आणली, आणि हा छंद जगभर पसरायला तिचा मोठा हातभार लागला. आजची शर्यतीची गाडी खऱ्या गाडीच्या दहाव्या किंवा आठव्या हिश्श्याएवढी असते. वजन एक-दोन किलोपासून तीन-चार किलोपर्यंत, पण वेग ताशी ६० किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकतो. एवढ्या वेगाने ती उडी मारून खाली आदळली की सगळा मार बसतो तो चाकांच्या दांड्या धरून ठेवणाऱ्या स्क्रूंवर. त्यातले पुष्कळसे स्क्रू ३ मिलिमीटर जाडीचे असतात. ब्लाउजच्या हुकाएवढ्या गोष्टीवर सगळा भार!

स्क्रूचा धातू निवडताना तीन गोष्टी बघायच्या. किती ताण सोसतो, किती जड आहे आणि गंजतो का. तिन्ही गुण एका धातूत स्वस्तात मिळत नाहीत, सगळी अडचण तिथेच आहे.

सगळ्यात दणकट म्हणजे काळा पोलादी स्क्रू. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत १२.९ असा आकडा कोरलेला असतो. हा आकडा वाचायला प्रत्येकीने शिकावं, कारण आपल्या बोल्टांवरही तो असतो. पहिल्या आकड्याला दहाने गुणा. १२ असेल तर दर चौरस मिलिमीटरला साधारण १२० किलोचा ताण बसेपर्यंत तो तुटत नाही. ८ असेल तर ८० किलो. पुढचा आकडा सांगतो की तुटण्याच्या आधी, त्यातल्या किती हिश्श्याला तो ताणून कायमचा लांबतो. .९ म्हणजे १० पैकी ९ भाग, .८ म्हणजे १० पैकी ८ भाग. ३ मिलिमीटरच्या स्क्रूची ताण घेणारी जागा सुमारे ५ चौरस मिलिमीटर भरते. म्हणजे १२.९ चा तो इवलासा स्क्रू ६०० किलोच्या आसपास ताण सोसतो. खोट एकच, त्याला गंज लवकर चढतो. पावसात गाडी पळवली तर पुसून तेलाचा हात फिरवावा लागतो.

दुसरा स्टेनलेस स्टीलचा. आपल्याकडे समज असा की स्टील म्हटलं की भारी. गंजाच्या बाबतीत ते खरं. पण नेहमीच्या स्टेनलेस स्क्रूवर ए२-७० असं लिहिलेलं असतं, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे ७० किलो. काळ्या स्क्रूच्या जवळपास निम्मंच. शिवाय तो मऊ असल्याने त्याच्या डोक्यातला षटकोनी खड्डा लवकर गोल होतो आणि मग अ‍ॅलन की नुसती फिरत राहते. आणखी एक खोड म्हणजे स्टेनलेसचा बोल्ट स्टेनलेसच्याच नटात जोरात आवळला तर आटे एकमेकांना चिकटून बसतात. मग तो पुढेही जात नाही, मागेही येत नाही, कापूनच काढावा लागतो. म्हणून आट्यांना थोडं ग्रीस लावून सावकाश आवळायचा.

तिसरा टायटॅनियमचा, ताईंच्या मुलीने मागितलेला. चांगल्या मिश्रणाचा टायटॅनियम सुमारे ९० किलो ताण सोसतो, गंजत नाही आणि पोलादाच्या साधारण ५६ टक्केच वजनाचा असतो. मग काय वाईट? एक म्हणजे किंमत. दुसरं म्हणजे काळ्या पोलादापेक्षा तो कमीच दणकट. त्याचेही आटे चिकटतात. चौथा अ‍ॅल्युमिनियमचा, पोलादाच्या जेमतेम ३६ टक्के वजनाचा. रंगीत, चकचकीत मिळतो आणि मुलांना भुरळ पाडतो. पण चांगल्यातला चांगला अ‍ॅल्युमिनियमही ५५-५७ किलोच्या आसपास थकतो. वरचं आवरण बसवायला किंवा हलक्या वायरी-पेटीला तो चालेल. चाकांच्या दांड्यांना आणि वळणाच्या जोडांना कधीही लावू नये.

आता हिशेब करू. गाडीत १०० स्क्रू धरा, प्रत्येकी १ ग्रॅमचा. पोलादी असतील तर १०० ग्रॅम. सगळे टायटॅनियमचे केले तर ४४ ग्रॅम वाचले. दीड किलोच्या गाडीत हा फरक जवळपास ३ टक्के झाला. शर्यत जिंकणाऱ्यांच्या रांगेत उभ्या असलेल्याला तो मोलाचा वाटेल. पण बऱ्याच स्पर्धांत गाडीचं किमान वजन ठरलेलं असतं. गाडी त्याच्या खाली गेली तर मुलं पितळेचे तुकडे चिकटवून वजन वाढवतात! आधी महागडा स्क्रू घेऊन हलकं करायचं आणि मग पितळ लावून जड करायचं. हे म्हणजे लग्नात जेवून घरी भाकरी थापण्यासारखं.

अजून एक गोष्ट आम्हाला फार पटली. गाडीतले पुष्कळ स्क्रू धातूत जात नाहीत, प्लास्टिकमध्ये जातात. तिथे स्क्रू कितीही दणकट घेतला तरी आधी प्लास्टिकचे आटे झिजतात. तिथे महाग स्क्रू म्हणजे पैसे वाया. तिथे जपायचा तो हात. स्क्रू पुन्हा बसवताना आधी उलटा फिरवायचा, टक्‌ असा आवाज आला की तो जुन्या आट्यात बसला, मग सुलटा आवळायचा. नाहीतर दरवेळी नवे आटे पडून भोक सैल होतं. धातूत जाणारा स्क्रू धक्क्यांनी सैल होऊ नये म्हणून निळा लॉक-द्रव थेंबभर लावतात. तोच द्रव प्लास्टिकवर सांडला तर काही प्लास्टिकला तडे जातात, म्हणून तिथे तो वापरायचा नाही.

तर आम्ही गटाला कळवलं ते असं. पूर्ण संचासाठी २,४०० देऊ नका. चाकांच्या आणि वळणाच्या जोडांना १२.९ चे काळे स्क्रू घ्यायला सांगा. प्लास्टिकमध्ये आणि भार नसलेल्या जागी आहेत तेच राहू द्या. आणि चांगल्या पोलादाच्या अ‍ॅलन की घ्या, २ आणि २.५ मिलिमीटरच्या, कारण ३ मिलिमीटरच्या बऱ्याच स्क्रूंना याच लागतात. गोल झालेली की नवा स्क्रूही बिघडवते. हे सगळं मागितलेल्या रकमेच्या बऱ्याच कमी भागात बसतं. टायटॅनियमचा विचार स्पर्धेचे नियम वाचून आणि गाडी तराजूवर ठेवून मग करावा. मुलीला मात्र रागावू नका. तिने मागितलेली गोष्ट मूर्खपणाची नव्हती, फक्त ती पहिली गरज नव्हती.

आता आपल्या दारातल्या यंत्रांकडे येऊ. इथे स्क्रू तुटला तर शर्यत हरत नाही, बोटं जातात.

कडबाकुट्टीची पाती ज्या बोल्टांनी बसवलेली असतात, ते बदलताना कुणी 'हा स्टेनलेसचा घ्या, गंजणार नाही' असं म्हणेल. जुना बोल्ट आधी बघा. त्यावर ८.८ किंवा १०.९ असेल तर तोच आकडा मागा, तोच आकार, तीच लांबी. दुकानात 'हाय टेन्साइल' किंवा 'एचटी' म्हटलं की कळतं. डोक्यावर काहीच आकडा नसलेला साधा बोल्ट पात्याला लावू नका. फिरतं पातं सुटलं तर ते कुठं जाईल याचा नेम नसतो. नट नायलॉनची कडी असलेला घ्या, आणि उघडलेला असा नट पुन्हा न वापरता नवा घाला. हे काम मेन स्विच बंद करून, पट्टा काढूनच करायचं. बोल्ट दर आठवड्याला पान्याने तपासावेत.

याच्या उलट गोष्ट ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरची. त्याच्या शाफ्टला काही ठिकाणी मुद्दाम कमजोर ठेवलेला बोल्ट असतो, त्याला शिअर बोल्ट म्हणतात. दगड आडवा आला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. 'सारखा तुटतो' म्हणून कुणी दणकट बोल्ट घालतं, आणि पुढच्या दगडाला सगळा गिअरबॉक्स जातो. कंपनीने सांगितलेलाच बोल्ट घालायचा. चार-पाच सुटे ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवायचे.

मसाला कांडपाचं यंत्र, शेवयांचं यंत्र, लोणच्याचं मिक्सर, यांचं गणित तिसरंच. तिथे खाद्यपदार्थाला लागणाऱ्या जागी स्टेनलेसच हवं. पांढरा चकचकीत दिसणारा पुष्कळसा बोल्ट हा जस्ताचा मुलामा दिलेला साधा लोखंडी असतो. चिंच, लिंबू, कैरी यांच्या आंबटपणाने ते जस्त विरघळून पदार्थात उतरतं. चुंबक लावून बघा. मुलाम्याचा बोल्ट घट्ट चिकटतो, स्टेनलेसचा चिकटलाच तर अगदी हलका. मिठाचं पाणी लागत असेल तर स्टेनलेसमधलाही ३१६ नंबरचा बरा, ३०४ पेक्षा तो मिठाला जास्त टिकतो. पण त्याच यंत्रातला मोटरचा पाया किंवा हातोड्यांचा बोल्ट बदलताना पुन्हा आकडा बघायचा, चकाकी नाही.

बोल्ट आणायला जाताना जुना कागदात गुंडाळून सोबत न्या आणि काउंटरवर त्याच्याशेजारी नवा ठेवून आटे जुळवा. नट हाताने सहज शेवटपर्यंत फिरला पाहिजे. बिलावर आकडा लिहून घ्या, 'बोल्ट ४ नग' एवढंच नको. गटाच्या यंत्राच्या वहीत बदललेल्या बोल्टाची तारीख आणि आकडा लिहिला, की पुढच्या वर्षी ज्या ताईंकडे यंत्राची जबाबदारी जाईल त्यांना पुन्हा सगळं शोधत बसावं लागत नाही.