पुस्तक मिटा आणि आठवा!

आमच्या पिंपरी-चिंचवडला ‘उद्योगनगरी’ असे भारदस्त नाव आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, मागोमाग इतर कारखाने आले, आणि आता तर ही रांग थेट चाकणच्या माळापर्यंत जाऊन पोचली आहे. पण या नगरीत आणखी एक उद्योग रात्रंदिवस चालू असतो, आणि तो म्हणजे परीक्षेचा अभ्यास! वडील रात्रपाळीला निघतात तेव्हा मुलगा पुस्तक उघडतो. ते सकाळी परततात तेव्हाही पुस्तक उघडेच असते. बिचाऱ्याच्या लक्षात मात्र काही राहत नाही.

मराठी शिकवण्याच्या निमित्ताने अशी मुले मी वर्षानुवर्षे जवळून पाहत आलो आहे. ‘सर, चार-चार वेळा वाचलं, पण पेपर हाती आला की सगळं कोरं,’ हे त्यांचे ठरलेले गाऱ्हाणे. आईवडील हळहळतात आणि म्हणतात, ‘आमच्यात कुणी फारसं शिकलेलं नाही, त्याचं डोकंच तसलं, त्याला तो काय करणार?’ मग एखादा चांगला मुलगा बारावीनंतर पुस्तके बांधून ठेवतो आणि कंत्राटी कामाला लागतो. वाचकहो, डोके तसले नसते. अभ्यासाची रीत तसली असते. आणि बरी रीत शोधायला फार दूर जायला नको. ती आपल्या इंद्रायणीकाठीच आहे.

देहूला तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, असे परंपरा सांगते. श्रद्धेचा भाग श्रद्धेपाशी राहो. पण इकडची मंडळी आणखी एक गोष्ट तितक्याच प्रेमाने सांगतात. वह्या पाण्यात होत्या तरी अभंग लोकांच्या मुखी होतेच! तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी चाकणचे संताजी जगनाडे यांनी ते लिहून ठेवले, असे सांगतात. त्यांची समाधी जवळच सुदुंबऱ्यास आहे.

आता जरा विचार करा. ज्यांच्या मुखी हे अभंग होते, त्यांतल्या कितीजणांना वाचता येत असेल? अभंग ऐकायचा कीर्तनात. म्हणायचा मात्र स्वतःच्या आठवणीतून, शेतात किंवा जात्यावर. अडले तर शेजाऱ्याने पुढचा शब्द पुरवायचा. काही दिवसांनी पुन्हा म्हणायचा. समोर वही नसल्यामुळे प्रत्येक वेळी तो मनातूनच वर काढावा लागे, आणि म्हणूनच तो टिकला.

वेदपाठी मंडळींनी तर याचे शास्त्रच बनवले. जटापाठात दोन शब्द आधी सुलट, मग उलट, मग पुन्हा सुलट म्हणायचे, आणि दुसरा शब्द धरून पुढे सरकायचे. घनपाठ याहूनही अवघड. अशा वेळी जीभ सवयीने धावू शकत नाही. मनाला जागे राहावेच लागते.

पाश्चात्त्यांनी हीच गोष्ट मोजून पाहिली. हर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडिताने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ केल्या आणि आपण त्या किती वेगाने विसरतो ते १८८५ साली प्रसिद्ध केले. तासाभरात निम्म्याहून अधिक मेहनत वाया जाते, दिवसभरात सुमारे दोनतृतीयांश. पुढे मात्र विसरण्याचा वेग मंदावतो. अर्थ कळलेला मजकूर यापेक्षा पुष्कळच जास्त टिकतो. म्हणून आधी समजून घ्यावे, मग पाठ करावे. न समजता घोकणे ही नुसती पोपटपंची.

१९१७ साली आळंदीला जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. ज्ञानेश्वरीच्या ओव्या आणि अभंग मुखोद्गत करण्याची परंपरा तिथल्या विद्यार्थ्यांनी चालवली. योगायोग असा, की त्याच साली अमेरिकेत आर्थर गेट्स या संशोधकाने शाळकरी मुलांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. नुसते वाचण्यापेक्षा, पुस्तकातून नजर काढून स्वतःशी म्हणून पाहण्यात निम्म्याहून अधिक वेळ घालवणारी मुले सरस ठरली होती.

पुढे २००६ साली रोडिगर आणि कार्पिके यांनी कॉलेजच्या मुलांचे गट केले. एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्याने एकाच सत्रात वाचून तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने चित्र पालटले. वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, आठवणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के! गंमत म्हणजे, आपल्याला सगळे येते ही खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती. आपली मुले फसतात ती नेमकी इथेच. पान ओळखीचे वाटते, आणि ओळख म्हणजेच ज्ञान असा समज होतो. रस्त्यात भेटलेला चेहरा ओळखीचा वाटावा पण नाव ओठांवर येऊ नये, तशीच ही गत!

जागरणाबद्दलही दोन शब्द. झोपेपूर्वी पाठ केलेले, तितकाच वेळ जागे राहून पाठ केलेल्यापेक्षा कमी विसरले जाते, असे जेंकिन्स आणि डॅलनबाक यांना १९२४ साली दिसून आले. तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्री डोळ्यांना पाणी लावून बसण्यापेक्षा उजळणी करून निजलेले बरे. स्मरणशक्तीच्या बाटल्यांवर पैसे खर्च करण्यापेक्षा तर शतपटीने बरे!

मग करायचे काय? धडा समजून वाचावा. पुस्तक मिटावे. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे. मग पुस्तक उघडून सुटलेले मुद्दे लाल शाईने भरावेत, आणि पुढल्या खेपेस त्या लाल मुद्द्यांपासूनच सुरुवात करावी. आठवताना जो त्रास होतो त्याला भिऊ नये. सारे काम तो त्रासच करत असतो.

आणि आता आईवडिलांना एक सांगणे. ‘आम्हाला त्याच्यातलं काही कळत नाही’ असे म्हणून बाजूला बसू नका. शिकवायला विद्या लागते, ऐकायला नाही. माऊली, तुम्ही पोळ्या लाटताना मुलीला म्हणा, ‘आज काय शिकलीस ते मला समजेल असं सांग बघू.’ ती अडखळेल तिथे पुस्तक तुमच्या हाती असू द्या. वडीलही पाळीवरून आल्यावर चहा घेता घेता हे काम करू शकतात. खोली एक असो की तीन, त्याने काही बिघडत नाही.

दिवाळीचे दिवस तर यासाठी जणू मुद्दाम आखून दिल्यासारखे आहेत. पाडव्याला एक धडा वाचून घ्या. भाऊबीजेला पुस्तक मिटून तो बहिणीला सांगा. तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत पुन्हा आठवा. कार्तिक वद्य एकादशीला आळंदीची यात्रा भरते, त्या दिवशी आणखी एकदा. दर खेपेस मधले अंतर वाढले आहे, हे ध्यानात येईल. फराळाचे डबे तोवर रिकामे झालेले असतील. धडा मात्र शिल्लक राहिला की नाही, ते घरात सर्वांनी मिळून पाहावे.