खिशातला ‘कीस’

इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या एक बेने इस्राएली, म्हणजे मूळच्या महाराष्ट्रातल्या ज्यू समाजातल्या, काकू मराठीत गप्पा मारता मारता म्हणाल्या, “किल्ली माझ्या कीसात आहे.” मी थबकलेच. शब्दांच्या मागे लागायचा मला जुनाच नाद!

आजच्या हिब्रूत ‘कीस’ म्हणजे खिसा. आपला ‘खिसा’ आला फारसी ‘कीसा’वरून. पिशवीला अरबीत ‘कीस’, आणि प्राचीन अक्कादी भाषेत ‘कीसू’. सगळे एकाच गोतातले.

हिब्रू बायबलमधला ‘कीस’ मात्र खिसा नाही, व्यापाऱ्याची थैली आहे. तिच्यात पैसे असत आणि वजनाचे दगडही! घ्यायला जड, द्यायला हलका असे दोन दगड ठेवू नका, हा नियम बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात आहे. मला हा उल्लेख सगळ्यांत आवडतो, कारण त्यात अख्खा बाजार दिसतो.

पैशांच्या पिशवीसाठी बायबलमधला दुसरा हिब्रू शब्द ‘त्सरोर’, म्हणजे बांधलेलं गाठोडं, पुरचुंडी. बायबलमधल्या गोष्टीत योसेफाच्या भावांना धान्याच्या गोणीत आपापले पैसे सापडतात, ते अशाच पुरचुंडीत. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हाच शब्द ‘जीवनाच्या गाठोड्या’साठी येतो. ज्यू कबरींवर अनेकदा दिसणारी पाच हिब्रू अक्षरं त्यावरूनच आली: मृताचा आत्मा त्या गाठोड्यात बांधलेला राहो.

नव्या करारात येशूचा शिष्य यहूदा याच्याकडच्या पैशांच्या पेटीला ग्रीक शब्द आहे ‘ग्लोस्सोकोमोन’. मुळात ती वाद्याच्या जिभल्या ठेवायची डबी!

तुमच्या घरी पैशांच्या पिशवीला काय म्हणतात? कसा, बटवा, चंची? नक्की सांगा, प्रश्नही विचारा.