मधुमेह आणि पुरुषाची जननशक्ति

लग्नास पांच-सहा वर्षें होऊनहि घरांत पाळणा हालला नाहीं, म्हणजे आपल्याकडे दोष प्रथम सुनेच्या माथीं येतो. नवससायास तिनें करावयाचे, दवाखान्यांतील तपासणीहि तिचीच. पुरुषास तपासावें हें कोणास सुचत नाहीं, व सुचलें तरी बोलवत नाहीं. रघुनाथराव कर्वे यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' काढून अशा विषयांवर उघड लिहिलें, त्यापायीं त्यांस खटले सोसावे लागले. आतां तसें भय नाहीं. संकोच मात्र आहे तेथेंच आहे. या संकोचाआड कधीं कधीं मधुमेह दडलेला असतो.

मधुमेह हा गादीवर बसणाऱ्यांचा रोग, ही समजूत पुण्याजवळच्या खेड्यांनींच खोटी ठरविली आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं सहा खेड्यांतील माता व अर्भकें यांचा अभ्यास आरंभिला. तेथील मूल जन्मतः सुमारें २.७ किलो भरे, तर इंग्लंडांतील सुमारें ३.५ किलो. परंतु आपल्या मुलांत उणें पडलें होतें तें मांस. चरबी त्या मानानें टिकून होती. अशा सडपातळ दिसणाऱ्या देहास कमी वजनांतहि मधुमेह जडतो. तेव्हां 'मी किडकिडीत, मला कोठली साखर?' असें म्हणण्यांत अर्थ नाहीं. शिवाय औतामागें चालणारे आपल्यांत आतां राहिले किती?

रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली म्हणजे रक्तवाहिन्या व मज्जातंतु दोन्ही बिघडतात. पुरुषेंद्रियास ताठरता येते ती मज्जातंतूंच्या आज्ञेनें तेथील वाहिन्या सैल होऊन त्यांत रक्त भरल्यामुळें. पाटांत गाळ बसला आणि पाटकऱ्यास निरोपहि पोंचेनासा झाला, तर शेवटच्या वाफ्यास पाणी कोठून मिळणार? मधुमेही पुरुषास ही दुर्बलता इतरांपेक्षां सुमारें दहा-पंधरा वर्षें आधीं गांठते. येथील धमन्या हृदयाच्या धमन्यांहून अरुंद असल्यामुळें त्या आधीं चोंदतात. म्हणून चाळिशींतील दुर्बलता ही हृदयविकाराची आगाऊ वर्दीहि असूं शकते.

संततीची अडचण याहून निराळी असून ताठरता ठीक असतांहि ती उद्भवते. वीर्यपाताच्या वेळीं मूत्राशयाचें तोंड मिटावें लागतें. मज्जातंतु बिघडल्यास तें उघडें राहतें, आणि बांध न घातल्यामुळें पाणी भलत्याच चारींत शिरावें तसें वीर्य उलट मूत्राशयांत जातें. बाहेर थोडें येतें किंवा मुळींच येत नाहीं. पुढची लघवी गढूळ होते. 'धातु जाते' म्हणून रोगी घाबरतो. वास्तविक यापासून देहास अपाय नाहीं, आणि त्या लघवींतून शुक्रजंतु वेगळे काढून डॉक्टरांस ते गर्भधारणेसाठीं वापरतां येतात. दुसरी गोष्ट, साखरेनें शुक्रजंतूंच्या अंतरंगासहि इजा पोंचते. बीं दिसावयास टपोरें, पण उगवण कमी, हा प्रकार आपणांस ठाऊक आहेच.

घाबरलेला मनुष्य मग बसथांब्यावरील भोंदूच्या पुड्या घेतो. अशा कांहीं पुड्यांत सिल्डेनाफिल हें डॉक्टरी औषध चोरून मिसळलेलें आढळलें आहे. तें औषध वाईट नव्हे. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं मधुमेह्यांसहि त्याचा गुण येतो. परंतु छातींतील कळेसाठीं नायट्रेटची गोळी घेणाऱ्याच्या पोटांत तें गेल्यास रक्तदाब एकाएकीं उतरून प्राणावर बेततें.

तपासण्या साध्या आहेत: रक्तांतील साखर, मागील सुमारें तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी 'एचबीएवनसी', आणि वीर्याची परीक्षा. ती पत्नीच्या तपासणीबरोबरच व्हावी, तिच्यानंतर नव्हे. तंबाखू व विडी रक्तवाहिन्या आणखी आखडतात, तीं सोडावीं. नवे शुक्रजंतु तयार होण्यास सुमारें अडीच महिने लागतात; यास्तव साखर आटोक्यांत आल्यावर वीर्याची फेरपरीक्षा तीन महिन्यांनीं करावी, त्यापूर्वीं करून निराश होऊं नये.