स्लीपिंग पॅड घेताय? जाडीआधी आर-व्हॅल्यू बघा

महागडी स्लीपिंग बॅग घेऊनही तंबूत पाठ गार का पडते? अंगाखाली बॅगेतलं भरण दबतं, त्यात हवा उरत नाही आणि शरीराची ऊब थेट जमिनीत जाते. ती अडवणं हे पॅडचं खरं काम. ते तो किती करतो, हे आर-व्हॅल्यू सांगते: आकडा मोठा, तर ऊब जास्त. सह्याद्रीतल्या हिवाळ्यात साधारण २ पुरते. हिमालयात बर्फावर ५ च्या आसपास हवी.

फोमचा पॅड पातळ, पण काट्याकुट्यांत पंक्चर व्हायची भीती नाही. कुशीवर झोपत असाल तर ७-८ सेंटीमीटरचा हवेचा पॅड बरा. मात्र आत उष्णतारोधक थर नसेल, तर तो जाड असूनही गार लागतो. अशा वेळी खाली फोमचा पॅड टाका. दोघांच्या आर-व्हॅल्यूची चक्क बेरीज होते.