सेल्फ गेला, पण खरेच गेला का?

पहाटे तीनला भाजीची क्रेट लादून पिकअप मार्केट यार्डाकडे निघायची आणि किल्ली फिरवताच नुसते 'टक्'! 'सेल्फ गेला,' असा निवाडा जागच्या जागी होतो. बँकेत वाहनकर्जाच्या फायली हाताळताना एक गोष्ट मनात पक्की बसली. फेरी चुकली की कोथिंबीर सुकते, हप्ता सुकत नाही.

गंमत म्हणजे हा सेल्फ आमच्या गल्ल्याचाच नातलग. अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग याने आधी दुकानातल्या कॅश रजिस्टरला विजेची मोटर जोडली होती. छोटी मोटर क्षणभर मोठा भार पेलते, याच सूत्रावर त्याने स्टार्टर घडवला आणि १९१२ च्या कॅडिलॅकपासून हँडल मारण्याची कटकट सरू लागली.

'क्षणभर' हे महत्त्वाचे. किल्ली धरूनच ठेवली तर मोटर तापते, जळतेही.

निवाड्याआधी साक्षीदार तपासावेत. हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे मालवू लागले तर आधी बॅटरी, तिची टर्मिनल्स आणि अर्थची तार पाहा. दिवे प्रखर राहूनही 'टक्'च वाजले, तर संशय सॉलेनॉइडवर किंवा मोटरवर. पुष्कळदा कार्बन ब्रश बदलूनही भागते.

बदलायचाच झाला, तर प्रथम बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी, नाहीतर पाना टेकताच ठिणगी उडते. नव्या पिनियनचे दात जुन्याशी मोजून घ्यावेत.

खाते बुडीत ठरवण्यापूर्वी बँकही ऋणकोला नोटीस देते. सेल्फलाही एवढी संधी मिळायला हवी. त्याच्या किमतीत कुणाचा तरी हप्ता असतो.